जुना कॉम्प्युटर घराबाहेर गेल्यावर

जुना कॉम्प्युटर कुणीतरी उचलून नेला, कोपरा मोकळा झाला, हातात शे-दोनशे रुपये पडले की विषय संपला असं आपण धरून चालतो. मशीनचा प्रवास मात्र बराच बाकी असतो. संयुक्त राष्ट्रांच्या ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’ अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन, नोंद होऊन रीसायकलिंगपर्यंत पोहोचला. असा कचरा करणाऱ्या देशांत चीन आणि अमेरिकेच्या पाठोपाठ भारताचा नंबर लागतो. उरलेला माल कुठे जातो, याचं उत्तर बऱ्याच अंशी आपल्या घराघरांतल्या समजुतींत आहे.

“भंगारवाल्याला दिला, म्हणजे रीसायकल झाला.”

हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच ते इतकं टिकून आहे. भंगाराच्या दुकानात पीसी उघडताना बघावं. चार स्क्रू निघतात, पत्र्याचं कॅबिनेट एका ढिगात पडतं. प्रोसेसरवरचा हीटसिंक ॲल्युमिनियममध्ये, एसएमपीएसमधली कॉइल तांब्यात. चालू असलेली रॅम आणि हार्ड डिस्क बाजूला, कारण त्यांना गिऱ्हाईक आहे. मदरबोर्ड किलोवर विकायला पोत्यात. पंधरा-वीस मिनिटांत पूर्ण मशीनची फोड झालेली असते आणि जमिनीवर वाया गेलेलं फारसं काही उरत नाही. इतकं स्वच्छ सुटं करण्याचं काम मोठमोठ्या यंत्रांनाही जमत नाही. या माणसांच्या कसबाबद्दल मला मनापासून आदर आहे.

अडचण पुढे येते, जे हाताने सुटं होत नाही तिथे. वायरींमधलं तांबं मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे वरचं प्लास्टिक जाळणं. ते पीव्हीसी असेल तर धुरातून डायॉक्सिनसारखी घातक रसायनं बाहेर पडतात. मदरबोर्ड शेगडीवर तापवून चिपा ओढून काढतात. जुन्या बोर्डांच्या सोल्डरमध्ये एक तृतीयांशाहून अधिक शिसं असायचं, त्याची वाफ काम करणाऱ्याच्या छातीत जाते. मग सोन्याचा मुलामा असलेल्या पिना तीव्र आम्लात बुडवतात आणि काम झाल्यावर ते आम्ल गटारात. दिल्लीचं सीलमपूर या धंद्यासाठी ओळखलं जातं. पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुरादाबादमध्ये बोर्ड जाळून उरलेली राख रामगंगेच्या काठावर टाकली गेली. चीनमधल्या ग्वीयू गावात हेच काम घरोघरी चालायचं. तिथल्या लहान मुलांच्या रक्ताची तपासणी करणारा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दहापैकी आठ मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण तेव्हाच्या धोक्याच्या पातळीपेक्षा जास्त होतं.

जुन्या डबा-मॉनिटरची गत आणखी वाईट. त्याच्या काचेच्या नळीत किलोच्या आसपास शिसं असतं, काचेतच मुरलेलं. पण विकण्याजोगं असतं ते नळीच्या मानेवरचं तांब्याचं वेटोळं. ते काढून घेतलं की काच कुणालाच नको असते, आणि ती फुटून कुठल्यातरी मोकळ्या प्लॉटवर जाऊन पडते.

एवढा धोका पत्करून हाती तरी काय लागतं? बंगळुरूमधल्या आम्लाच्या पद्धतीचा अभ्यास झाला, तेव्हा बोर्डांमधल्या सोन्याचा जेमतेम पाव हिस्सा मिळत असल्याचं दिसलं. बेल्जियममधल्या होबोकेनसारख्या आधुनिक स्मेल्टरमध्ये हेच प्रमाण ९५ टक्क्यांच्या घरात जातं, शिवाय चांदी, पॅलेडियम, तांबंही वेगळं होतं. त्या अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष मला पूर्ण पटतो: गोळा करणं आणि हाताने सुटं करणं इथल्या लोकांनीच करावं, शेवटचं रसायनांचं काम तेवढं योग्य कारखान्यात जावं. म्हणजे भंगारवाल्याला दोष देऊन, त्याला वगळून काही साधणार नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली. तिच्यातून पुढे आलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरांतून जुन्या वस्तू आणि ई-कचराही गोळा करते. गोळा करणारे हात तेच राहतात, फक्त माल शेगडीकडे न जाता दुसरीकडे वळतो.

“त्यात सोनं असतं, फुकट कशाला द्यायचा?”

असतं, पण किती? टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने देशभरातून जुने मोबाइल आणि लहान उपकरणं गोळा केली. ७८,९८५ टन उपकरणं आणि त्यांच्यासोबत सुमारे ६२ लाख मोबाइल. त्यातून मिळालेलं सोनं ३२ किलो. एका घरातल्या एका पीसीत सोन्याचा कण शोधणं व्यर्थ आहे, ते लाखोंनी एकत्र आल्यावरच परवडतं. डबा-मॉनिटरसारख्या वस्तूची तर विल्हेवाट लावायलाच खर्च येतो. त्यामुळे एखाद्या रीतसर केंद्राने पैसे दिले नाहीत किंवा कमी दिले, तर ते लबाडी करतंय असं लगेच समजू नये.

“फॉर्मॅट मारला की सगळं पुसलं जातं.”

हा समज सर्वांत महागात पडणारा आहे. फाइल डिलीट करणं किंवा झटपट फॉर्मॅट करणं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. आतली पानं जागच्या जागी असतात. इंटरनेटवर सहज मिळणाऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने हार्ड डिस्कवरचे पॅन कार्डाचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंटं, घरचे फोटो परत वर काढता येतात. ‘मॉर्गन स्टॅनली’ या अमेरिकी वित्तसंस्थेने जुने सर्व्हर आणि हार्ड डिस्क काढून टाकायचं काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीकडे सोपवलं होतं. त्यातली काही यंत्रं डेटासकट पुढे विकली गेली. सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचा प्रश्न होता, आणि २०२२ मध्ये संस्थेला साडेतीन कोटी डॉलर दंड भरावा लागला.

फिरत्या चकत्यांच्या जुन्या हार्ड डिस्कवर एकदा पूर्णपणे नवीन डेटा लिहिला की जुना परत मिळत नाही. सात-सात वेळा पुसायची गरज नाही, चुंबक फिरवण्याचा तर काहीच उपयोग नाही. विंडोज ‘रीसेट’ करताना सेटिंगमध्ये ‘क्लीन डेटा’ असा पर्याय असतो, तो निवडावा. वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवावं. एसएसडीचं तंत्र वेगळं आहे. ती स्वतःच्या सोयीने डेटा इकडून तिकडे हलवत असल्याने वरून लिहिलेलं सगळीकडे पोहोचेलच याची खात्री नसते. तिथे उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधली ‘सिक्युअर इरेज’ची आज्ञा वापरावी. त्याहून बरं म्हणजे पहिल्या दिवसापासून डिस्क एन्क्रिप्ट ठेवावी, मग किल्ली पुसली की उरलेला डेटा निरर्थक होतो. आजच्या बहुतेक मोबाइलमध्ये फॅक्टरी रीसेट याच तत्त्वावर चालतं. डिस्क बंदच पडली असेल तर पुसणंही शक्य नाही. ती काढून ठेवावी आणि समोर तुकडे करून देणाऱ्याकडेच द्यावी.

मोबाइल देताना गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडायला बरेच जण विसरतात. मग चोरीविरोधी कुलूप लागून तो फोन दुरुस्त करणाऱ्याच्याही कामाचा राहत नाही आणि चांगला सेट थेट भंगारात जातो. सिम आणि मेमरी कार्डही काढून घ्यावं. आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते: झेरॉक्सच्या अनेक मोठ्या डिजिटल मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रती तिच्यात राहू शकतात. दिवसभर लोकांच्या आधार कार्डांच्या प्रती काढणाऱ्या दुकानाने मशीन बदलताना हे पाहायलाच हवं.

“शाळेला दान केला की सत्कारणी लागला.”

चालू मशीन दिलं तर नक्कीच. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या एका जुन्या अभ्यासानुसार डबा-मॉनिटरच्या काळातला एक डेस्कटॉप आणि मॉनिटर बनवायला २४० किलो इंधन, २२ किलो रसायनं आणि दीड टन पाणी लागायचं. एवढं खर्चून तयार झालेली वस्तू जितकी जास्त वर्षं चालेल तितकं चांगलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला म्हणून लाखो धडधाकट मशीन निकामी होत नाहीत. एसएसडी बसवून लिनक्स टाकलं तर टायपिंग, इंटरनेट, अभ्यासाचे व्हिडिओ यांसाठी ती आरामात चालतात.

पण बंद पडलेलं, स्क्रीन फुटलेलं, अडॅप्टर हरवलेलं यंत्र जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दारात ठेवणं हे दान नाही. ते डेडस्टॉक रजिस्टरला एकदा चढलं की निर्लेखनाची परवानगी मिळेपर्यंत हेडमास्तरांना ते टाकताही येत नाही. आधीच अपुऱ्या असलेल्या खोल्यांतली एक खोली त्यात अडते. श्रीमंत देशांनी वर्षानुवर्षं गरीब देशांकडे ‘वापरलेला माल’ म्हणून मेलेली यंत्रं पाठवली, तोच अन्याय आपण लहान प्रमाणात करू नये. द्यायचंच असेल तर दुरुस्त करून, सुरू करून दाखवून द्यावं.

“नियम कंपन्यांसाठी आहेत, आपल्याला काय?”

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांचा मुख्य भार खरोखरच उत्पादकांवर आहे. सरासरी आयुष्य संपलेल्या मालाच्या प्रमाणात त्यांना रीसायकलिंग करून दाखवावं लागतं: सुरुवातीची दोन वर्षं ६० टक्के, २०२५-२६ पासून ७० आणि २०२७-२८ पासून ८०. वर्षात हजार किंवा त्याहून जास्त उपकरणं वापरणाऱ्या संस्थेनेही आपला कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रीसायकलर यांनाच द्यायचा आहे.

आपल्यासाठी याचा अर्थ असा की ब्रँडला विचारायचा आपल्याला हक्क आहे. कंपनीच्या वेबसाइटवर जुना माल परत घेण्याची सोय दिलेली असते, तिथे नोंद करावी. नोंदणीकृत रीसायकलर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर पाहता येतात. सोसायटीत ‘ई-कचरा मोहीम’ म्हणून टेम्पो आला तर एकच प्रश्न विचारावा: माल शेवटी कोणत्या रीसायकलरकडे जाणार? ज्याच्याकडे नाव आहे तो लगेच सांगतो. माल घेतल्याची पावती मागायलाही संकोच करू नये.

बॅटरी या सगळ्यातून वेगळी ठेवायची. तिच्यासाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत आणि धोकाही वेगळा. लॅपटॉप किंवा मोबाइलची फुगलेली लिथियम बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला तर अजिबात लावू नये. टोकांना चिकटपट्टी लावून, धातूपासून दूर, ती स्वतंत्रच द्यावी. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकली तर गाडीत दाबली जाऊन पेटू शकते. यूपीएसची बॅटरी शिशाची आणि आम्लाची असते. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी, तिचे पैसे बिलातून वजा होतात. आतलं आम्ल मोरीत ओतून रिकामी बॅटरी विकणारे आढळतात, तसं कधीही करू नये आणि कुणाला करूही देऊ नये.