काळी गोटी, रिकामी खुर्ची

‘लॉजला जाऊन येतो’ असं भर सोसायटीत सांगणारा एकच माणूस माझ्या माहितीत आहे. मराठीत लॉज म्हणजे एस.टी. स्टँडसमोरचं, पहिल्या मजल्यावरचं, ट्यूबलाइट फडफडणारं प्रकरण. तिथं जाण्याची दवंडी कोणी पिटत नाही. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना त्याचं काही वाटत नाही. निवृत्त इंजिनिअर, वय पंचाहत्तरीच्या पुढे. महिन्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी, मे महिन्याच्या घामातसुद्धा, काळा सूट चढवून आणि हातात चपटी काळी बॅग घेऊन ते जिना उतरतात. वरून काकूंचा आवाज येतो, ‘निघाले जादूघराला.’

जादूघर हा शब्द काकूंनी काढलेला नाही. काका फ्रीमेसन आहेत, आणि फ्रीमेसनांच्या इमारतींना हिंदुस्थानातली माणसं इंग्रजी अमदानीपासून जादूघर म्हणत आली. बंद खिडक्या, संध्याकाळी आत जाणारे काळ्या कपड्यांतले साहेब आणि दाराशी उपसलेली तलवार घेऊन उभा असलेला पहारेकरी, एवढं बाहेरून दिसत असल्यावर दुसरं काय म्हणणार? त्या पहारेकऱ्याला ‘टायलर’ म्हणतात. तलवार आजही असते.

चपट्या बॅगेत असतो एप्रन. कोकराच्या पांढऱ्या कातड्याचा, तिसऱ्या, म्हणजे मास्टर मेसनच्या पायरीला पोचलेल्याचा असेल तर फिकट निळ्या किनारीचा. हे दगड घडवणाऱ्या पाथरवटाचं पोटाला बांधायचं कातडं. चर्च आणि किल्ले बांधणाऱ्या पाथरवटांच्या संघटनांची हत्यारं, पायऱ्या आणि ओळखीच्या खुणा उचलून, दगडाला कधी हात न लावलेल्या गृहस्थांनी ही बंधुसंस्था उभी केली. २४ जून १७१७ ला लंडनच्या ‘गूज अँड ग्रिडायर्न’ नावाच्या दारूच्या गुत्त्यात चार लॉज, म्हणजे शाखा, एकत्र आली आणि पहिली ग्रँड लॉज, म्हणजे त्यांची मध्यवर्ती संस्था झाली, अशी परंपरेची नोंद आहे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांतच ही मंडळी कंपनी सरकारच्या गलबतांबरोबर कलकत्त्याला पोचली.

तीनशे वर्षांत या संस्थेची मोठी काळजी एकच होती, नको तो माणूस आत येऊ नये. आता काळजी आहे की हवा तोही येत नाही.

आत कोणाला घ्यायचं हे ठरवणारी पेटी बघण्यासारखी असते. लाकडी, हात मनगटापर्यंत आत जाईल एवढं भोक असलेली. सभासद पांढरी किंवा काळी गोटी मुठीत घेऊन हात घालतो आणि आत सोडतो. कोणी काय टाकलं हे शेजाऱ्यालाही कळत नाही. इंग्लिश नियमाप्रमाणे तीन काळ्या गोट्या निघाल्या की अर्ज बाद. काही लॉज आणखी कडक, त्यांना एकच पुरते. कारण सांगावं लागत नाही आणि कोणी विचारायचंही नाही.

या पेटीचा मुंबईतला सर्वांत गाजलेला बळी माणेकजी कर्सेटजी. पुढे १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढणारे हेच ते. १८४० च्या सुमारास या पारशी गृहस्थांना मेसन व्हायचं होतं. मुंबईच्या गोऱ्या लॉजनं नकार दिला. माणेकजी विलायतेला गेले, तिथंही जमलं नाही. मग त्यांनी पॅरिस गाठलं, तिथल्या लॉजमध्ये दीक्षा घेतली आणि रीतसर ‘ब्रदर’ होऊन मुंबईला परतले. तरी इथलं दार बंदच! शेवटी डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरनं डिसेंबर १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे एतद्देशीयांसाठीचं लॉज काढलं, तेव्हा माणेकजींना मुंबईत खुर्ची मिळाली. विश्वबंधुत्व शिकवणाऱ्या संस्थेत शिरायला माणसाला अर्धं जग फिरावं लागलं, यातला विनोद तेव्हाच्या किती जणांना कळला असेल कोण जाणे.

हिंदूंची अडचण वेगळी होती. मेसन होण्यासाठी एका परमेश्वरावर श्रद्धा असल्याचं सांगावं लागतं. तेहतीस कोटींचं काय करायचं, या प्रश्नावर कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांचा अर्ज जवळजवळ नऊ वर्षं रेंगाळला. १८७२ मध्ये ते ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये आले. बारा वर्षांनी त्याच लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाच्या तरुणानं दीक्षा घेतली. त्याला आपण विवेकानंद म्हणून ओळखतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी तर वेगळाच रस्ता धरला. प्रिन्स हॉल आणि त्याच्या सोबत्यांनी १७८४ मध्ये थेट इंग्लंडहून सनद मिळवली आणि स्वतःची समांतर संस्था चालवली. गोऱ्या ग्रँड लॉजनी तिला मान्यता द्यायला सुरुवात केली ती १९८९ मध्ये, कनेक्टिकट राज्यापासून.

बायकांना मुख्य प्रवाहातल्या लॉजमध्ये आजही प्रवेश नाही. ॲनी बेझंट बाईंनी १९०२ मध्ये पॅरिसला जाऊन स्त्री-पुरुषांच्या संयुक्त शाखेत दीक्षा घेतली आणि ती शाखा इकडे रुजवली, पण तो वेगळा संसार. काकूंना विचारलं तर त्या म्हणतात, ‘मला नकोच. महिन्यातून एक संध्याकाळ घर शांत असतं.’

अमेरिकेचा आकडा पाहिला की सभासदसंख्येचा उतार केवढा ते कळतं. १९५९ मध्ये तिथं ४१ लाखांहून अधिक मेसन होते. तेव्हा देशाची लोकसंख्या अठरा कोटींच्या आत होती. आज ती तेहतीस कोटींच्या वर आहे आणि मेसन नऊ लाखांच्या खाली आले आहेत. यावर अमेरिकेत पुष्कळ लिहिलं गेलं. रॉबर्ट पुटनम यांनी २००० साली ‘बोलिंग अलोन’ या पुस्तकात नुसते मेसन नाहीत, तर पालकसंघांपासून बोलिंगच्या संघांपर्यंत सगळीकडची गळती दाखवली. टीव्ही आला, बायका नोकरीला लागल्या, शहरं पसरली, ही नेहमीची कारणं आहेतच. एक कारण मात्र फारसं बोललं जात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ऑड फेलोजसारख्या बंधुसंस्था आजारपणात पैसे देत, मेल्यावर दफनाचा खर्च करत, विधवेला हातभार लावत. १९३५ मध्ये सरकारी सोशल सिक्युरिटी आली, कंपन्यांचे विमे आले आणि वर्गणी भरायचं एक रोकडं कारण गेलं. मेसनांमध्ये विम्याचा व्यवहार तसा नव्हता, म्हणून ते जास्त टिकले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या शिपायांनी तर लॉज भरून टाकली.

मग ते शिपाई म्हातारे झाले. त्यांनी रागावून राजीनामे दिले नाहीत, एकेक करून ते गेले आणि त्यांच्या मागे मुलं आली नाहीत. मुलं का आली नाहीत, याचं उत्तर थेट संस्थेच्या नियमातच आहे. मेसनरीत कोणाला ओढून आणायचं नसतं. उमेदवाराला दीक्षेच्या वेळी सांगावं लागतं की मी कोणाच्या भरीला न पडता, आपल्या मनानं आलो आहे. बापानं विचारायचं नाही, कारण नियम. मुलानं विचारलं नाही, कारण त्याला वाटलं बाप विचारेल. अमेरिकन मेसन पुढे गाडीच्या मागं ‘मेसन व्हायचंय? मेसनला विचार’ अशा अर्थाचे स्टिकर लावू लागले. तोवर दोन पिढ्या निघून गेल्या होत्या.

यावर जे उपाय झाले त्यातला एक मला फार बोलका वाटतो. तीन पायऱ्या चढायला महिनोन्‌महिने लागतात, लोकांना वेळ नाही, म्हणून काही अमेरिकन ग्रँड लॉजनी तिन्ही दीक्षा एका दिवसात द्यायला सुरुवात केली. शेकडो, कधी हजारो उमेदवार प्रेक्षागृहात बसणार, स्टेजवर एकाला दीक्षा मिळणार आणि बाकीचे पाहून मेसन होणार. २००२ मध्ये ओहायोत असा मोठा घाऊक सोहळा झाला. वर्गणीदार वाढले. पण अशा रीतीनं आलेल्यांविषयी जुने सभासद अजून नाक मुरडतात. मला त्यांची बाजू पटते. सामूहिक मुंजीत बटूला जानवं मिळतं, संध्या काही येत नाही.

कारण दीक्षा ही बघायची गोष्ट नाही, अंगावर घ्यायची आहे. पहिल्या पायरीला उमेदवाराचे डोळे बांधतात, एक पाय गुडघ्यापर्यंत उघडा, छातीचा एक भाग उघडा, खिशातले पैसे, अंगठी, धातूचं सगळं बाहेर काढून ठेवलेलं. मग भर सभेत त्याच्याकडे दानधर्मासाठी काही मागतात. तो खिसे चाचपतो, देण्यासारखं काहीच नसतं. वकील असो की कारखानदार, चार माणसांसमोर रिकाम्या हातानं उभं राहायची पाळी येते. काकांनी मला हे सांगितलं नाही. ते छापील पुस्तकांत शंभर ठिकाणी आहे. मी त्यांना तसं म्हटलं तर ते नुसते हसले.

इंग्लंडमध्ये युनायटेड ग्रँड लॉजनं सभासदांच्या मनात काय आहे हे जाणून घ्यायला २०१२ मध्ये बाहेरच्या समाजशास्त्रीय संस्थेकडून अहवाल करून घेतला. त्यात गूढ कटकारस्थानं नव्हती. होती ती मैत्री, आपलेपणा आणि ठरावीक चौकटीचा आधार. २००५ पासून विद्यापीठांतल्या पोरांसाठी वेगळी योजना आहे, तेव्हाची एकविसाची अट तिथं अठरावर आली. २०१८ च्या फेब्रुवारीत तर त्यांनी ‘टाइम्स’, ‘टेलिग्राफ’ आणि ‘गार्डियन’मध्ये पानभर जाहिरात देऊन ‘आता पुरे’ म्हटलं, आमच्या माणसांना नाहक संशयानं वागवलं जातं म्हणून. तीनशे वर्षं गुपित सांभाळणाऱ्यांनी पैसे मोजून गाऱ्हाणं छापावं, यावरून दिवस कसे आलेत ते समजतं. संशय उगाच उठला असंही नाही. १९८१ मध्ये इटलीतल्या ‘पी टू’ या लॉजची यादी सापडली, तीत मंत्री, सेनाधिकारी, संपादक होते आणि सरकार कोसळलं. ते लॉज मेसनांनीच आधी अनियमित ठरवून बाहेर काढलेलं होतं, हे कोणी ऐकून घेत नाही.

आपल्याकडे कथा जराशी वेगळी आहे. पाकिस्ताननं १९७२ मध्ये मेसनरीवर बंदी घातली. किपलिंगनं विसाव्या वर्षी दीक्षा घेतली ते लाहोरचं लॉज असंच संपलं. भारतात २४ नोव्हेंबर १९६१ ला स्वतंत्र ग्रँड लॉज झाली, रामपूरचे नवाब पहिले ग्रँड मास्टर. ज्या लॉजना नको होतं त्यांनी इंग्लंड-स्कॉटलंडच्या सनदा ठेवल्या, आणि त्यावरून कोणी डोकी फोडली नाहीत. मुंबईच्या फोर्टातल्या १८९७ च्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये आज वेगवेगळ्या सनदांची लॉज पाळीपाळीनं भरतात, एका बिऱ्हाडात चार चुली असाव्यात तशी. भारतीय ग्रँड लॉजच्या वेदीवर पाच धर्मग्रंथ असतात : गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहेब, अवेस्ता. उमेदवार आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो. सभासद आहेत वीस हजारांच्या थोडे वर. एकशे चाळीस कोटींत एवढे म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. तेव्हा कोसळायला आपल्याकडे डोंगर नव्हताच. पण एके काळी मुंबईच्या लॉजचा कणा असलेला पारशी समाजच आक्रसत चालला आहे, आणि ती जागा गुजराती, सिंधी, दाक्षिणात्य, मराठी मध्यमवर्गानं थोडीफार भरली.

या नव्या माणसांत काय चालतं हे मी काकांना खोदून विचारलं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे कामं होतील म्हणून जे येतात ते वर्षभरात कंटाळतात, कारण लॉजमध्ये राजकारण आणि धर्म बोलायचाच नाही आणि धंदा बोललेला आवडत नाही. जेवणासाठी येणारे बरे, ते निदान येतात. टिकतात ते पाठांतरवाले. विधीतली भाषणं पानोपानी तोंडपाठ करायची असतात, हातात कागद घेतलेला चालत नाही, आणि कोणी अडलं तर एखादा माजी मास्टर हळूच शब्द पुरवतो. ऐकताना मला गावातल्या हौशी नाटकांची तालीम आठवली, तोच प्रॉम्प्टर, तीच धास्ती. ‘नव्या पोरांना हे ओझं वाटतं का?’ मी विचारलं. ‘उलट,’ काका म्हणाले, ‘पोरांना तेच आवडतं. ओझं वाटतं ते आम्हा म्हाताऱ्यांना. विसरतो आम्ही.’ नवा मेंबर आला की पहिली दोन वर्षं त्याला काही काम दिलं, महिन्यातून एक फोन केला, तर राहतो. नाही तर वर्गणी थकते आणि एके दिवशी नाव कमी होतं. हा फोन करायचं काम कोणाचं, यावर त्यांच्या लॉजमध्ये दर वर्षी चर्चा होते.

लॉजच्या मास्टरची, म्हणजे अध्यक्षाची खुर्ची एका वर्षाची असते. एकेक पद चढत माणूस तिथं पोचतो, वर्ष संपलं की उतरतो. काका एकदा, खूप वर्षांपूर्वी बसून उतरले. यंदा रांगेतला पुढचा बंगळूरला बदली होऊन गेला, त्याच्या मागचा अजून तयार नाही. मग काकांनाच पुन्हा बसायला सांगितलंय.

गेले पंधरा दिवस ते रात्री जेवण झाल्यावर पार्किंगमध्ये फेऱ्या घालतात. हातात छोटं निळं पुस्तक, त्यात अर्ध्या शब्दांची नुसती पहिली अक्षरं छापलेली, बाहेरच्यानं वाचलं तर काही कळू नये म्हणून. परवा एका वाक्यावर ते तीनदा अडले. मी म्हटलं, द्या इकडे, मी सांगतो पुढचं. त्यांनी पुस्तक पटकन मिटून खिशात टाकलं आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. वॉचमनला वाटलं, विष्णुसहस्रनाम चाललंय. त्यानं रेडिओ बारीक केला.