कोयलीसारखी आग लागली, तर घरात थांबायचं की निघायचं?

वडोदरा : ११ नोव्हेंबर २०२४, सोमवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास कोयलीच्या गुजरात रिफायनरीत बेंझीनच्या टाकीचा स्फोट झाला. टाकी एक हजार किलोलिटरची. संध्याकाळी शेजारची दुसरी टाकीही पेटली. दोघांचा जीव गेला. काळ्या धुराचे लोट लांबून दिसत होते.

वडोदऱ्यातली मराठी वस्ती म्हटलं की दांडिया बाजार, रावपुरा आठवतात. पण शहर पसरलं तशी मराठी घरंही गोरवा, सुभानपुऱ्याकडे गेली. रिफायनरी त्याच बाजूला, शहराच्या वायव्येला आहे. त्यामुळे असा धूर दिसला की निघायचं की थांबायचं, हे तिथल्या घराला आधीच माहीत असायला हवं.

कोकणात वणवा गोठ्याकडे सरकताना दिसला की गुरं सोडायची आणि लवकर बाहेर पडायचं, हे साधं गणित आहे. कारखान्याच्या आगीत ते नेहमी लागू पडत नाही. इथे ज्वाळा घरापर्यंत येण्याआधी धूर किंवा वायू येतो. धुरात स्कूटर घालणं घरात थांबण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. उलट २ जून २०२२ ला नंदेसरीतल्या रसायन कारखान्याला आग लागली, तेव्हा आजूबाजूच्या शेकडो लोकांना हलवावंच लागलं. म्हणून नियम असा : प्रशासनाने ‘निघा’ म्हटलं तर लगेच निघायचं, तोपर्यंत दारं-खिडक्या लावून आत.

आत थांबणं म्हणजे नुसती कडी लावणं नव्हे. डेझर्ट कूलर आधी बंद करा. तो बाहेरचीच हवा खेचून खोलीत सोडतो, आणि ही गोष्ट हमखास विसरली जाते. एक्झॉस्ट फॅन, बाहेरची हवा घेणारा एसी बंद. गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. दाराच्या फटीत ओले टॉवेल. मग सगळ्यांनी आतल्या, कमी खिडक्यांच्या खोलीत बसायचं. ओला रुमाल नाकाला लावला तर काजळी अडते, अमोनियासारखा पाण्यात विरघळणारा वायू थोडा कमी होतो. बेंझीनची वाफ मात्र त्याने थांबत नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते. क्लोरीनचंही तसंच. अशा वेळी तळघर किंवा बेसमेंट पार्किंग आसरा नव्हे, वरचा मजला बरा. अमोनिया हलका, पण थंड गळतीत तोही जमिनीलगत पसरू शकतो.

आणि खिडकीत उभं राहून व्हिडिओ काढायचा नाही. २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला, तेव्हा आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या होत्या. कोयलीत दुसरी टाकी काही तासांनी पेटली, हेही लक्षात ठेवावं. पहिला आवाज शांत झाला म्हणून गच्चीवर जाणं शहाणपणाचं नाही.

निघायची वेळ आलीच, तर वाऱ्याकडे बघा. देवळावरचा ध्वज, चिमणीचा धूर कुठे झुकतोय ते दिसतं. वाऱ्याबरोबर पळू नका, आडवं निघा, म्हणजे धुराच्या पट्ट्यातून लवकर सुटका होते. गाडीत निम्मी टाकी पेट्रोल कायम असावं. एका पिशवीत आठवड्याची औषधं, चष्मा, आधार आणि बँकेच्या कागदांच्या प्रती, टॉर्च, पाणी. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना कोण उतरवणार, हे शेजाऱ्यांनी आधीच ठरवावं. साडेतीनला पोरं शाळेत किंवा रिक्षात असू शकतात. शाळा मुलांना आत थांबवणार की सोडणार, हे पालकांनी आजच विचारून ठेवलेलं बरं; नाहीतर सगळे आईबाप एकाच वेळी धुराकडे निघतात.

हे सगळं सोसायटीने स्वतःच शोधून काढावं, असं कायदा म्हणत नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, १९८९ साली घातक रसायनांचे नियम आले. मोठा धोका असलेल्या कारखान्याने परिसरातल्या लोकांना धोका कसला आणि काय करावं, काय करू नये, हे सांगायचं आहे. कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन आराखड्याची वर्षातून एकदा रंगीत तालीमही व्हायला हवी. तुमच्या सोसायटीत अशी पत्रिका आली आहे का? भोंगा धोक्याचा कसा वाजतो आणि ‘संपलं’ म्हणून कसा, कुणाला माहीत आहे का? कलेक्टर कचेरीत अर्ज देऊन हे विचारता येतं. वापी, अंकलेश्वर, तारापूरच्या वाचकांनाही हे नियम तेच.

नंबर : ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. नंदुरबार किंवा मुंबईहून वडोदऱ्यातल्या आईवडिलांसाठी फोन करताना नुसता १०७७ लावला तर तो तुमच्याच जिल्ह्यात वाजतो. आधी ०२६५ लावा.