पाठ टेकली, तरी खेळ बाकी!

आपल्या कुस्तीत पाठ टेकली की खेळ खल्लास. ब्राझीलच्या जिउ-जित्सूत मात्र खरी लढत तिथूनच सुरू होते. जपानी ज्युदोपटू मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला गेले आणि त्यांची विद्या ग्रेसी कुटुंबाने उचलली. किरकोळ अंगाच्या हेलिओ ग्रेसींनी ताकदीपेक्षा युक्तीवर भर दिला. १९९० मध्ये इव्होनी दुआर्ते या खेळातल्या पहिल्या महिला ब्लॅक बेल्ट झाल्या.

पाठीवर पडलेली खेळाडू दोन्ही पायांनी वरचीला अडवते, तो ‘गार्ड’. तो ओलांडताना घाई नको. आधी तिच्या कोटाची कॉलर गळ्याजवळ पकडायची. मग गुडघा तिच्या मांडीवरून सरकवत बाजूला यायचं नि छातीचा भार टाकायचा. कॉलरवरचा हात मात्र सोडायचा नाही! दुसऱ्या हाताने पलीकडची कॉलर धरून आवळलं की झाला ‘चोक’.

यात मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, काही सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणूनच खालचीने हाताने थापटलं की त्याच क्षणी सोडायचं, हा नियम. मैत्रिणींनो, वाचून घरी करून पाहायचा हा प्रकार नव्हे. प्रशिक्षकांसमोरच शिका, आणि आवळण्याआधी सोडायला शिका!