गाडी झोपते, टायर नाही

जर्मनीत काही गाड्यांच्या नंबरप्लेटवर महिनेही छापलेले असतात: समजा, एप्रिल ते ऑक्टोबर. उरलेल्या काळात अशी गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. इंजिनाला विश्रांती मिळते, टायरला नाही. गाडीचा सगळा भार महिनोन् महिने चारही टायरच्या त्याच जागेवर राहतो आणि तिथे टायर चपटा होऊ लागतो.

त्यात थंडी. 20 अंश सेल्सिअसला भरलेली 35 पीएसआय हवा शून्य अंशाला साधारण साडेएकतीसवर येते. उन्हाळी टायरचं रबर 7 अंशांखालीच ताठर होऊ लागतं. कडाक्याच्या थंडीत गाडी हलवली, तर काही टायरना तडेही जातात.

मग उपाय? टायर धुऊन कोरडे करावेत. हवा थोडी जास्त भरावी, पण टायरवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत. गॅरेज अंधारं, कोरडं आणि गोठणबिंदूच्या वर असावं. जवळ वेल्डिंगचं यंत्र नको: त्यातून ओझोन तयार होतो आणि तो रबराच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो.

वसंतात निघताना हवा पुन्हा नेहमीएवढी करावी. सुरुवातीला चाकं थरथरली, तरी टायर तापल्यावर बहुधा गोलाई परत येते.