मैदान सर्वांचे: मुलांसाठी विनामूल्य ॲथलेटिक्स

धावणे, उडी मारणे आणि फेकणे या तीन क्रियांवर ॲथलेटिक्सची सारी उभारणी आहे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. मैदान, शिकविणारा माणूस आणि ठरलेली वेळ एवढे पुरते. पुण्यातील वस्त्यांमधल्या अनेक मुलांना मात्र नेमके हेच मिळत नाही. म्हणून शालेय मुलांचे विनामूल्य सराववर्ग हा आम्ही हक्काचा प्रश्न मानतो. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी सार्वजनिक पाणवठ्यावरील समान हक्क बजावला. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या मैदानालाही तोच न्याय लागू होतो.

याच शहरात पालवणकर बाळू यांचा मैदानाशी प्रथम संबंध आला तो चाकरीच्या निमित्ताने. चर्मकार समाजातील हा तरुण क्लबची खेळपट्टी राखता राखता इंग्रज फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकू लागला आणि थोर गोलंदाज झाला. पुण्याच्या हिंदू संघातून खेळतानाही त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. पुढे डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी तरुण सर दोराबजी टाटांनी पाहिले आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठविण्यासाठी पुढाकार घेतला. आपल्या काळात बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये दाखल झाल्यानंतर धावपटू म्हणून नावारूपाला आले. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळविले. गुण सर्वत्र असतात. ते दिसण्यासाठी संधी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी 60 मिनिटे शारीरिक हालचाल आवश्यक आहे. सराववर्गाचा तासही तेवढाच असावा. आरंभी दहा मिनिटे अंग मोकळे करणारे खेळ, मग छोट्या धावा व रिले, नंतर उडी आणि फेक, शेवटी संथ चाल व ताण देण्याचे व्यायाम. लहानांच्या हाती लोखंडी गोळ्याऐवजी हलका चेंडू द्यावा. मुलामुलींचे मिश्र गट करावेत आणि प्रत्येक मुलाला प्रत्येक प्रकार करू द्यावा. या वयात एकाच प्रकारात जुंपणे किंवा केवळ पहिल्या तिघांचे कौतुक करणे टाळावे. मागे राहिलेले मूल दुसऱ्या दिवशी परत येते की नाही, हीच वर्गाची खरी कसोटी आहे.

पालकांना आमची विनंती आहे, की मुलगी वयात आली म्हणून तिचे धावणे थांबवू नका. आपल्यापैकी एका आईने आळीपाळीने मैदानावर बसायचे ठरविले, तरी पुष्कळ मुलींचा सराव टिकेल. माजी विद्यार्थ्यांनी आठवड्यातील दोन सकाळी द्याव्यात. खेळलेल्यांनी शिकवावे, इतरांनी हजेरी, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी सांभाळावी. महापालिकेच्या मैदानासाठी वस्तीच्या वतीने रीतसर अर्ज करावा व त्याचा पाठपुरावा सोडू नये. आपल्या पिढीला शाळेचे दार उघडून मिळाले. पुढच्या पिढीसाठी मैदानाचे दार उघडणे हे आपले काम आहे.