"ओलावा बघायचं काम कोणाकडं होतं?" बीबीएच्या पहिल्या वर्षाला नेमकं शिकवतात तरी काय?

बारावीचा निकाल लागला की आपल्या भागात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नीटला किती पडले?" लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर झालं, त्यामुळं डॉक्टर नाहीतर इंजिनीअर, यापलीकडं बऱ्याच घरांत विचारच होत नाही. एखादं लेकरू म्हणलं की मला बीबीए करायचंय, तर बाप विचारतो, "मॅनेजमेंट म्हणजे काय शिकणार? मॅनेजर काय शिकून होत असतंय का?"

खोटं कशाला बोलू, मी पण हेच विचारलं होतं. थोरल्या भावाचा मुलगा बीबीएला लागला तेव्हा मला वाटलं, वर्षाची फीस गेली वाया. पण एका ट्रक सोयाबीननं माझं मत बदललं. म्हणून हा लेख. यंदा ज्यांच्या घरात बारावीचं लेकरू आहे, त्यांनी पाच मिनिटं काढून वाचावा.

एक ट्रक, चार शेतकरी

२०२४ च्या दिवाळीआधीची गोष्ट. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. आम्ही चौघा शेजाऱ्यांनी हमीभाव केंद्रावर नोंदणी केली. एकाच दिवसाचा मेसेज आला. चौघांचं मिळून ८० क्विंटल. एकच ट्रक केला तर भाडं वाचेल म्हणून रात्रीच कट्टे भरले आणि सकाळी ट्रक नेला.

केंद्रावर ओलावा निघाला १७ टक्के. मर्यादा तेव्हा १२ ची होती. पुढं नोव्हेंबरात ती १५ केली, पण त्यातही आमचा माल बसला नसता. माल परत. गावाकडं आणून वाळवावा तर परत भाडं, परत हमाली, आणि रब्बीचं बी-खत घ्यायला हातात पैसा नाही. शेवटी तोच ट्रक मोंढ्यात नेला आणि ३,९०० नं देऊन टाकला. क्विंटलमागं ९९२ रुपये, म्हणजे ८० क्विंटलला ७९,३६० रुपये गेले.

दिवाळीला पुतण्या गावाकडं आला. आम्ही चौघं ओट्यावर बसून सरकारला, पावसाला, नशिबाला बोल लावत होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "काका, ओलावा बघायचं काम कोणाकडं होतं?"

कोणी काहीच बोललं नाही. मला वाटलं होतं दुसऱ्यानं बघितलं असंल. दुसऱ्याला वाटलं तिसऱ्यानं. गावात आडत्याकडं ओलावा मोजायचं यंत्र आहे, दोन मिनिटांचं काम. पण ते कोणाचंच नव्हतं.

पुतण्यानं पिशवीतून पुस्तक काढलं आणि म्हणला, "हाच आमचा पहिला धडा आहे."

पुस्तकात काय असतंय?

बीबीए असो की बीकॉम, सुरुवातीला 'व्यवस्थापनाची तत्त्वे' हा विषय असतोच. नाव जड आहे, पण आत व्यवस्थापनाची कामं सांगितलेली असतात. ती आपल्या सोयाबीनवरच लावून बघू.

नियोजन : कधी काढायचं, कुठं विकायचं, पाऊस आला तर काय करायचं, हे आधी ठरवणं. आम्ही भाव ठरवला होता, "माल ओला निघाला तर काय" हे ठरवलं नव्हतं.

संघटन : काम वाटून देणं. कोणतं काम कोणाचं, हे नावानिशी सांगणं. आमचं घोडं इथंच अडलं.

कर्मचारी व्यवस्थापन : योग्य कामाला योग्य माणूस. ज्याला हडंब्यावरचं काम जमतं त्याला तिथं, ज्याला हिशेब जमतो त्याला वहीवर.

निर्देशन : माणसांना नीट सांगणं, त्यांच्याकडून काम करून घेणं. ओरडणं म्हणजे निर्देशन नाही.

समन्वय : एकाचं काम दुसऱ्याच्या कामाला जुळवणं. हार्वेस्टर दारात आणि बारदाना तालुक्याला, असं होऊ नये म्हणून.

नियंत्रण : ठरवलं तसं होतंय का, हे अधूनमधून तपासणं. ट्रक भरण्याआधी ओलावा मोजणं म्हणजे नियंत्रण. ट्रक परत आल्यावर डोक्याला हात लावणं म्हणजे नियंत्रण नव्हे.

आता कोणी म्हणंल, यात नवीन काय, आमच्या आज्याला हे न शिकता येत होतं. खरं आहे. पण आज्याचं एक वावर, एक बैलजोडी आणि घरातली माणसं होती. सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यात मावत होतं. चार घरं, एक ट्रक, ऑनलाइन नोंदणी आणि सरकारी केंद्र एकत्र आलं की डोक्यात मावत नाही. तिथं कागद लागतो.

हे सांगणारे लोक एसीत बसणारे नव्हते

मला वाटायचं हे सगळं कंपनीतल्या टायवाल्या लोकांनी लिहिलं असंल. पण हेन्री फेयॉल हा फ्रान्समधला खाणीचा इंजिनीअर. १८८८ ला त्याच्याकडं एक डबघाईला आलेली खाण कंपनी सोपवली, ती त्यानं सावरली. तो अनुभव त्यानं १९१६ ला मांडला. त्याची १४ तत्त्वं आजही पोरं पाठ करतात. त्यातलं एक म्हणजे आदेशाची एकवाक्यता. माणसाला हुकूम एकाच माणसाचा पाहिजे. त्या रात्री आमच्या ड्रायव्हरला चौघांनी चार वेळा सांगितल्या होत्या. कोणाचं ऐकावं त्यानं?

दुसरा अमेरिकेचा फ्रेडरिक टेलर. याचं पुस्तक १९११ चं. पोलादाच्या कारखान्यात त्यानं फावड्यानं माल ओढणाऱ्या मजुरांचं काम मोजलं. एका फावड्यात साधारण २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो माल आला तर माणूस दिवसभरात जास्त काम करतो, असं त्याला दिसलं. मग हलक्या मालाला मोठं फावडं, जड मालाला लहान, अशी वेगवेगळी फावडी त्यानं केली. टेलरवर टीकाही बरीच झाली, की तो माणसाला यंत्रासारखं मोजतो. ही टीकाही वर्गात शिकवतात.

तिसरं म्हणजे शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग, १९२४ ते १९३२. उजेड कमी-जास्त केला, सुट्ट्या बदलल्या, पण काम नुसतं त्यावर अवलंबून नव्हतं. माणसाकडं कोणी लक्ष देतंय का, सोबत काम करणाऱ्यांशी त्याचं कसं आहे, यानंही फरक पडतो, असा अर्थ एल्टन मेयो यांनी काढला. खुरपायला येणाऱ्या बायांना वेळेवर पाणी आणि दोन शब्द गोड मिळाले तर पात कशी पुढं सरकते, हे आपण रानात बघतोच की.

लातूरची पाण्याची रेल्वे

वर्गात मोठमोठ्या कंपन्यांची उदाहरणं देतात. आपल्याकडं त्याहून भारी उदाहरण आहे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर पाणी, सव्वातीनशे किलोमीटरच्या वर अंतर. नंतर ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर.

आपण फोटो बघितले, पण मागचं काम बघा. पाणी पिण्याचं, म्हणून वाघिणी आधी राजस्थानातल्या कोट्याला स्वच्छ करून घेतल्या. मिरजेत पाणी भरायची सोय, रुळावर गाडीला वाट, लातूरला उतरवायची जागा, तिथून शुद्धीकरण आणि मग वाटप. रेल्वे, जिल्हा प्रशासन, महापालिका, सगळे वेगळे. एक कडी निसटली असती तर गाडी येऊनही घागर रिकामी राहिली असती. समन्वय हा शब्द पुस्तकात वाचून कळत नसंल, तर लातूरकरानं २०१६ चा उन्हाळा आठवावा.

प्रवेश घेण्याआधी हे तपासा

१. कोणत्याही शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी बीबीए करू शकतो. पण २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षानं त्यासाठी वेगळी सीईटी सुरू केली. पहिल्या वर्षी बऱ्याच पोरांना हे कळलंच नाही आणि परत एक जादा सीईटी घ्यावी लागली. निकालाची वाट बघत बसू नका, अर्जाच्या तारखा आधीच बघा.

२. काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नाव बदललं आहे. पदवीवर नेमकं काय नाव येणार, एआयसीटीईची मान्यता आहे का, विद्यापीठाशी संलग्नता आहे का, हे तिन्ही कागद बघूनच फीस भरा. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांसाठी १७ सप्टेंबर १९९४ ला स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. नांदेडला विष्णुपुरीत मुख्य परिसर, लातूरला उपपरिसर. संलग्न कॉलेजांची यादी विद्यापीठाकडंच बघावी, बॅनरवर विश्वास ठेवू नये.

३. फीस सवलत महाडीबीटीवरून मिळते. व्यावसायिक अभ्यासक्रमात मुलींना शिक्षण शुल्क माफीचा शासन निर्णय जुलै २०२४ चा आहे. त्यात ८ लाखांची उत्पन्न मर्यादा आणि प्रवर्गाच्या अटी आहेत. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश नसंल तर अडचण येते. तुमच्या कॉलेजला, तुमच्या कोर्सला लागू आहे का, हे आधी विचारा.

४. इंग्रजीची भीती असंल तर एक सोपा उपाय. बालभारतीचं बारावी कॉमर्सचं 'वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन' हे पुस्तक मराठीत आहे आणि ऑनलाइन मोफत मिळतं. पहिले दोन धडे तत्त्वं आणि कार्यं यांचेच. सायन्सच्या पोरांनी उन्हाळ्यात हे वाचून जावं. मी स्वतः बारावी शिकलेला, मला कळलं, तर पोरांना का नाही कळणार?

५. घरचं काम सोडून जाता येत नसंल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. विभागीय केंद्र नांदेडला आहे.

पदवी कोणतीही असू द्या, नंतर एमबीए करायचं तर राज्याची एमबीए सीईटी वेगळी द्यावी लागते. त्यामुळं बीबीए केलं नाही म्हणून एमबीएचं दार बंद होत नाही.

शिकून करायचं काय?

हा बापाचा खरा प्रश्न. नुसत्या बीबीएवर मोठा पगार मिळंल असं कोणी सांगत असंल तर त्याच्यापासून लांब राहा. पण आपल्या भागात एक जागा रिकामी दिसते. कायद्यानं १० किंवा जास्त शेतकरी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते, आणि तिला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी ठेवावा लागतो. फेब्रुवारी २०२० ला केंद्रानं अशा १०,००० कंपन्यांची योजना आणली. आपल्या तालुक्यांतही बोर्ड लागले. बोर्ड लावणं सोपं आहे. सभा वेळेवर घेणं, हिशेब ठेवणं, माल तपासून घेणं, हे रोज करणारा माणूस लागतो. ते काम गावच्याच शिकलेल्या पोरानं केलं तर त्याला सोयाबीन काय आणि ओलावा काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. व्यवस्थापनानं पाऊस थांबत नाही. २०२५ च्या अतिवृष्टीत आमचं निम्म्याहून जास्त पीक पाण्यात गेलं. चौघांच्या घरात मिळून ३० क्विंटलच सोयाबीन आलं. पण या वेळी भिंतीवर एक कागद होता. चार कामं, चार नावं. ओलाव्यापुढं माझं नाव होतं. ताडपत्रीवर वाळवून मी तीनदा मोजलं, आणि १२ च्या खाली आल्यावरच कट्टे शिवले.

माल कमीच होता. पण एकही कट्टा परत आला नाही.