मास्तर, पॅकेज काय?

बल्लारशाह स्टेशनवर भिंतींवर रंगवलेले वाघ तुमचं स्वागत करतात. स्टेशनबाहेर आलात की क्लासवाल्यांचे बोर्ड. जेईई, नीट, फाउंडेशन... गाव पेपर मिलचं आणि कोळशाचं, पण फिजिक्स-मॅथ्सची क्रेझ पुण्याइतकीच.

माझा एक मित्र इथलाच. एमएस्सी मॅथ्स, वर बीएड. डोकं एकदम शार्प! सध्या नागपूरच्या एका क्लासमध्ये शिकवतो. सुट्टीत आला होता, टपरीवर भेटला. म्हटलं, 'शाळेत काऊन नाही गेला रे?'

'तीन वर्षं अठरा हजारात काढू का?'

हा अठरा हजारांचा फंडा काय? तर २००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षं फक्त ठरावीक मानधन, मग पूर्ण पगार. २०२३ मध्ये प्राथमिकचं मानधन ६ हजारांवरून १६ हजार झालं, माध्यमिकचं ८ वरून १८, ज्युनिअर कॉलेजचं ९ वरून २०. त्याच वर्षी जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक घ्यायचं ठरलं. मानधन २० हजार! म्हणजे निवृत्त गुरुजींना वीस, आणि शेजारच्या वर्गातल्या नव्या पोराला सोळा. बोला आता.

असं नाही की सरकार जास्तीचे पैसे देतच नाही. ६ ऑगस्ट २००२ चा जीआर आहे. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात पोस्टिंग असेल तर तिथे असेपर्यंत एक पायरी वरची वेतनश्रेणी. शिवाय नक्षलग्रस्त भागात मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता, जास्तीत जास्त १,५०० रुपये. तेव्हा ही रक्कम बरी होती. सातव्या वेतन आयोगात माध्यमिक शिक्षकाचं मूळ वेतनच ३८,६०० पासून सुरू होतं. त्याचे १५ टक्के होतात ५,७९०. आणि शिक्षणसेवकाला तर मूळ वेतनच नाही, मग टक्के कशाचे काढणार?

पण खरी गोम पुढेच आहे. हे पैसे जागेचे आहेत, विषयाचे नाहीत. गणिताचा मास्तर असो की इतिहासाचा, भत्ता तोच. इतिहासवाल्याला कमी द्या, असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण गणितवाल्याला क्लास, बँक, आयटी सगळे ओढतात. ओढ जिथे जास्त, तिथे दोरही जाड हवा ना!

अमेरिकेत 'टीच ग्रँट' आहे. गणित-विज्ञानासारख्या टंचाईच्या विषयांत शिक्षक होणाऱ्याला शिकताना वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत. अट एकच, गरीब वस्तीतल्या शाळेत चार वर्षं शिकवायचं. नाही शिकवलं तर ते व्याजासकट कर्ज! आपल्याकडे केंद्राची 'इन्स्पायर' स्कॉलरशिप आहे, बीएस्सीपासून वर्षाला ८० हजारांची. पण तिचा रोख संशोधनाकडे, शाळेच्या फळ्याकडे नाही.

चहा संपला. मी विचारलं, 'किती इन्सेंटिव्ह असता तर गेला असता?'

'इन्सेंटिव्ह गेला खड्ड्यात. पयल्या महिन्यापासून पुरा पगार दिला असता ना, जिवतीलाही गेलो असतो.'

मग त्याने घड्याळ पाहिलं. सकाळी सातची बॅच होती, आणि नागपूरची गाडी लागली होती.